मायच्या तोंडातला घास

एक करून पाहा. मानेच्या मागं, जिथं केस संपतात तिथं, दोन बोटं टेकवा आणि तोंड मोठं उघडा. बोटांखाली काहीतरी आवळलेलं कळेल. जबडा खाली जाताना डोकं जरासं मागं जातं, आणि ते मागं न्यायचं, तिथं सावरून ठेवायचं काम मान करते. चावतानाही तेच. दर चाव्याला मान आणि जबडा मिळून राबतात आणि आपल्याला पत्ता नसतो. माझी मान आखडली होती तेव्हा यवतमाळच्या एका डॉक्टरीणबाईंनी माझीच बोटं माझ्या मानेवर ठेवून हे शिकवलं. "कळलं का आजी?" म्हणाल्या. मी म्हटलं, मला कधीचं कळलेलं आहे बाई. त्यांना तो आगाऊपणा वाटला असणार. वाटू दे. बाहेर एवढी गर्दी बसलेली, तिथं कुठं मायची गोष्ट सांगत बसू!

बाबा गेले आणि माय जेवेना, एवढीच ती गोष्ट. नवरा गेल्यावर बाई जेवत नाही यात नवल काय, असं तुम्ही म्हणाल. सगळे तेच म्हणाले, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव नाही, बोंडात अळी, आणि तरी जो तो पुन्हा कापूसच लावत होता. घाटंजीकडच्या आमच्या कोरडवाहू वावरात दुसरं पिकणार तरी काय? थोडी तूर, घरापुरती ज्वारी. कापूस घरात आला की घरातच राही. भाव चढला की विकू, म्हणत सगळं गाव वाट पाहत बसलेलं. आमची आतली खोली त्या वर्षी आढ्यापर्यंत कापसानं भरली होती. साठवलेल्या कापसाची खाज सुटते, अंगावर लाल पुरळ उठतो. घरात ज्याला पाहावं तो खाजवत बसलेला. मी तोवर ढाणकीला सासरी रुळले होते, तिथल्या अंगणवाडीत मदतनीस होते. दुपारपर्यंत लोकांची लेकरं जेवू घालायची, मग घरी येऊन घरची. दमलेली होते मी. आताही तो काळ आठवला की आधी पाठ दुखायला लागते, मग बाकीचं आठवतं.

बाबा काविळीनं गेले. आधी डोळे पिवळे झाले, मग गावठी औषध, मग उशिरानं दवाखाना, आमच्याकडं होतं तसंच. निरोप आला तेव्हा मी खिचडीचा गंज चुलीवरून उतरवत होते. तशीच निघाले. उमरखेडला गाडी बदलली, पुढं आणखी एकदा बदलली, आणि घरी पोचले तोवर बाबांना नेलेलं होतं. बापाचं तोंडही पाहायला मिळालं नाही. उंबऱ्यातच मला रडू फुटणार होतं, पण आत्यानं हाताला धरलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. स्वतः तरुणपणी विधवा झालेली, त्यामुळं कोणी मेल्यावर घरात काय करायचं आणि काय नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. "बापाचं झालं थे झालं," ती म्हणाली, "आता मायले सांभाळ."

माय कोपऱ्यात बसली होती. आमच्याकडं नवरा गेलेली बाई तेरवीपर्यंत अशी कोपऱ्यात बसते. डोक्यावरून कपाळ झाकेल इतका पदर, गुडघे जवळ घेतलेले, मान खाली. भेटायला येणाऱ्या बाया तिच्या गळ्यात पडतात, रडतात, चहा न घेता जातात. बसलेल्या बाईनं वर पाहायचं नसतं. मायची मान तर इतकी खाली गेली होती की हनुवटी छातीला टेकलेली. मी जवळ बसले, "माय" म्हणून हाक मारली, तर पदराआडून नुसता हुंकार आला.

जेवायच्या वेळी खरा पेच पडायचा. आमच्या घरची रीत अशी की सुतकात त्या बाईनं पहिला घास तोंडात घातल्याशिवाय घरातल्या बायांनी जेवायचं नाही. ताट आधी मायपुढं जाई. आम्ही, म्हणजे मी, वैनी आणि आत्या, पोटात कावळे ओरडत असताना भिंतीशी बसून राहायचो. माय भाकरीचा तुकडा मोडे, वरणात बुडवी, तोंडात घाली. आत्या म्हणे, "घेतला हो घास!" आणि आम्ही उठायचो. मग मायचं ताट उचलायला जावं तर त्याच्या काठाला ओले गोळे ठेवलेले. तोंडात घेतलेले, थोडे चोळामोळा झालेले, पण न चावलेले घास, तिनं हळूच काढून ठेवलेले. म्हणजे आम्ही जेवावं म्हणून ती घास तोंडात घालत होती आणि आमची पाठ फिरली की काढत होती.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रागच आला. "काहून काढतं वो माय? खात काहून नाही?"

"जात नाई," माय पुटपुटली.

"जात नाई म्हंजे?"

"तिले नको तगादा लावू," आत्या मागून म्हणाली. "धसका घेतला तिनं. माहा नवरा गेला तं म्या बी असंच केलतं. जाईन जाईन, चार दिसांनी जाईन."

चार दिवसांनी काही गेलं नाही. भाकर नको तर दूध-भाकर केली, ती ओठांच्या कोपऱ्यातून खाली गळाली. वैनीनं ज्वारीच्या कण्या शिजवल्या. कण्या गिळता येतात, पण तेवढ्याही चमच्याचमच्यानं, आणि मधेच ठसका. ठसका लागला की माय अशी घाबरी व्हायची की पुढचा चमचा तोंडापाशी येऊच द्यायची नाही. अंगावरचं लुगडं दोन दिवसांत सैल दिसायला लागलं. मनगटातून काचेच्या बांगड्या काढल्या होत्या, त्यांच्या जागी नुसती हाडं दिसत.

आणि मग आले शहाणे! एक म्हणाली, खर्रा खात असन, खर्ऱ्यानं तोंड उघडत नाई मंग. खर्रा म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, आणि माझ्या मायनं तो जन्मात तोंडात घातला नव्हता. दुसरी कानात कुजबुजली, धनुर्वात तं नाही? तिला मी हात धरून दाराबाहेर नेलं. गावात फटफटीवर येणाऱ्या डॉक्टरानं नाडी पाहिली, "अशक्तपणा आहे" म्हणाला आणि सलाइन लावली. आमच्याकडं पोट दुखो की पाय मुरगळो, सलाइन लागतेच. बाटली खुंटीला टांगून तो गेला. बाटली संपली, माय होती तशीच.

एक दिवस दोन माणसं गाडीतून आली, एकाच्या गळ्यात कॅमेरा. त्या वर्षांत आमच्या भागात कोणी मेलं की अशी माणसं यायची. दादा, माझा भाऊ, छपरीत बसला होता. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "औषध घेतलं का त्यांनी?" आमच्याकडं औषध घेणं म्हणजे फवारणीचं औषध पिणं. दादा म्हणाला, "नाई जी. कावीळ झालती." त्यांचा चेहराच पडला. पण आलोच आहोत तर, म्हणून एकानं कोपऱ्यात बसलेल्या मायचा फोटो काढला. "आजी, अशाच बसा, हलू नका," म्हणाला. माय कशाला हलते? मला वाटलं, याच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा गंज रिकामा करावा. पण अंगात त्राण नव्हतं, आणि पाणीही लांबून आणावं लागायचं.

माझ्या सासरहून निरोप येत होते, कधी येतं म्हणून. अंगणवाडीतल्या बाई एकट्या पडल्या होत्या. मी मनात म्हणायची, अशी टाकून कशी जाऊ? मी जाईन आणि मागं ही उपाशी मरेल. बाप गेला, आता मायही जाईल. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण ताटाच्या काठावरचे ते ओले गोळे उचलताना रोज हेच डोक्यात असायचं.

शेवटी मी ठरवलं, तिच्याबरोबर बसून जेवायचं. अंगणवाडीत एखादं लेकरू हटून बसलं की मी हेच करायची. मी ताट घेऊन कोपऱ्यात तिच्या शेजारी बसले. आत्यानं लगेच हटकलं, "तिच्या शेजारी बसतं तं पदर घे, मान खाली घाल. लोक येऊन राह्यले." घेतला पदर. घातली मान खाली, अगदी मायसारखी, हनुवटी छातीला लावून. भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि चावायला लागले.

चावताच येईना! जबडा खाली जायला जागाच नव्हती. हनुवटी छातीवर अडत होती, दात एकमेकांवर घसरत होते, घास जिभेवरून पुढं येत होता. दुसऱ्या की तिसऱ्या चाव्याला जीभच चावली, कचकन. मी मान वर केली आणि तोंडावर हात दाबून बसले. आत्याला वाटलं मला बापाची आठवण आली. तिनं पाठीवरून हात फिरवला.

जीभ ठणकत होती तरी माझं लक्ष सगळं मायकडं. मी म्हटलं, "माय, मान वर करून खाय ना." तिनं पदर आणखी पुढं ओढला. आत्या म्हणाली, "लोकांसमोर मान वर कशी करन थे?" तेवढ्यात बाया आल्या आणि रडारड सुरू झाली. माझ्या मनात तो विचार तसाच राहिला, अर्धामुर्धा.

दुपारी गावात सामसूम झाली की मायला थोडा वेळ आडवं होऊ देत. खाली सतरंजी, डोक्याखाली घडी केलेलं पोतं. मी तिच्या पायांशी बसून तूर निवडत होते. निवडता निवडता वर पाहिलं तर मायला जांभई आली होती. अशी मोठी जांभई, की आतल्या दाढा दिसल्या. आख्खं तोंड उघडलं होतं तिनं. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. हिचं तोंड उघडतं! मग बसल्यावर काय होतं हिला?

मी तिला तिथंच उठवून बसवलं, पदर बाजूला केला, आत्या बाहेर गेलेली पाहून. "माय, आता कोणी नाई. वर पाह्य." तिनं प्रयत्न केला. कपाळावर आठ्या पडल्या, मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोकं दोन बोटं वर आलं आणि पुन्हा धपकन खाली. लाजेनं नाही, रीतीनं नाही. तिची मान डोकं पेलतच नव्हती.

"कधीपासून वो हे?"

"लय दिस झाले," ती म्हणाली. "वेचून वेचून झालं असन."

कापूस वेचताना आमच्याकडं बाया जुन्या लुगड्याच्या फडक्याची ओटी बांधतात. दोन टोकं कमरेला, दोन टोकं मानेमागं गाठ मारून. वेचत वेचत ओटी भरत जाते आणि तिचा सगळा भार त्या गाठीवर, मानेवर येतो. पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत वाकून, मान पुढं ओढलेली, दिवसभर. वेचणीला बाया मिळेनाशा झाल्या, मजुरी परवडेनाशी झाली, तेव्हापासून आमचं सगळं वावर माय आणि वैनीच वेचत. त्यात ओटी अर्धीच भरलेली असताना धुऱ्यावर, बांधावर जाऊन रिकामी करणं म्हणजे मायला वेळेची खोटी वाटे. पूर्ण भरल्याशिवाय ती पऱ्हाटीबाहेर यायची नाही. कोण म्हणालं होतं तिला एवढं मरायला? कोणीच नाही. तिची तिलाच घाई. आणि वाकलेली मान आमच्या गावात कोणाच्या नजरेत भरत नाही, वेचणाऱ्या सगळ्याच बाया तशा.

मला रडू येत होतं आणि रागही. "सांगितलं काहून नाई? आम्ही इथं धसका धसका करून राह्यलो!"

"नवरा मेला अन् मी मान दुखते म्हणू काय?" माय म्हणाली. "काय म्हणतीन बाया?"

खरंच होतं. आमच्या गावच्या बायांनी ते वर्षभर पुरवलं असतं.

आता प्रश्न होता जेवायचा. भिंतीला टेकवून पाहिलं. भिंत सरळ, पाठ टेकली तरी डोकं पुढंच पडे. आडवं ठेवून भरवलं तर ठसका, डोळे पांढरे होईपर्यंत. तिला हवा होता उतार. पाठ, मान, डोकं एका रेषेत मागं झुकेल आणि तरी घास घशाशी आपणहून घसरणार नाही एवढाच उतार. आमच्या घरात ना आरामखुर्ची, ना गाद्यागिरद्या. मी घरभर नजर फिरवली आणि आतल्या खोलीचं दार दिसलं. कापूस! दारापाशी तो ढिगाऱ्यासारखा उतरत आला होता.

मी वैनीला म्हटलं, "गोधडी आण." वैनी समजली. गोधडी अंथरली, दोघींनी मायला बगलेत धरून आत नेलं. आणि आत्या दारात!

"अवो, काय करून राह्यल्या तुम्ही? सुतकी बाईले कापसाले लावता? लक्ष्मी हाये ते! आणि कोपरा सोडून अशी पसरून बसन ते, राणीवानी? माह्या भावाले जाऊन आठवडा नाही झाला!"

"आत्या, ते उपाशी मरून राह्यली."

"कोणी मरत नाई दोन दिस न खाल्ल्यानं. मी नाई मेली."

"तुम्ही नाही मेल्या, पण तुमचे दात पाहा काय झाले!" हे माझ्या तोंडून गेलं. जायला नको होतं, पण गेलं. आत्याचे दात तिच्या सुतकानंतर लवकरच गेले होते, ते काही उपासानं नव्हते गेले, मला ठाऊक होतं. तेवढ्यात दादा आला. कापसाचा व्यापारी तेरवीनंतर येणार होता, माल पाहून नाक मुरडायला त्याला निमित्तच पाहिजे असतं, आणि सुतकी बाई ढिगावर बसलेली गावात कळली तर बोलणारे कमी नव्हते. दादा दारात उभा राहिला, मायकडं पाहिलं, कापसाकडं पाहिलं. मग मानेवरचा पुरळ खाजवत म्हणाला, "बसू दे. असाही कोण विचारून राह्यला त्या कापसाले!"

आम्ही मायला गोधडीवर टेकवलं. कापूस दबला, तिच्या पाठीला लागून बसला, डोकं मागं गेलं आणि त्यात रुतलं. पदर सरकला. मी आल्यापासून मायचं तोंड पहिल्यांदा नीट पाहत होते. मला वाटलं होतं रडून रडून डोळे सुजलेले असतील. कोरडे होते. गाल आत गेलेले, आणि डोळे कोरडे, आढ्याकडं लागलेले. बाया येऊन तिच्या गळ्यात पडून रडून जायच्या, ती मात्र रडलीच नव्हती.

मी भाकरीचा लहान तुकडा वरणात बुडवून दिला. तिनं तोंड उघडलं. चांगलं उघडलं. चावायला लागली. सावकाश, पण चावत होती, ज्वारीच्या भाकरीचा तो मचमच आवाज येत होता. गिळला. ठसका नाही. वैनीनं माझा दंड इतका जोरात दाबला की निळा पडला. मी दुसरा घास दिला, मग तिसरा. पाव भाकर खाल्ली तिनं त्या दिवशी, आणि मी तिथंच जमिनीवर बसल्या बसल्या झोपले.

तेरवीपर्यंत असंच चाललं. लोक आले की कोपरा, जेवायला कापूस. आत्या माझ्याशी बोलायची नाही, पण ताट वाढलं की आपणच बाहेरचं दार लोटून घ्यायची, कोणी डोकावू नये म्हणून. मायच्या आवाजात थोडा दम आला. एकदा म्हणाली, वरणात हिंग काहून नाई टाकत. वैनी म्हणाली, लागली बाई खोड्या काढाले! त्या दिवशी घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन कापूस घेऊन गेला. दुपारपर्यंत खोली रिकामी, फरशीवर सरकी आणि कचरा. संध्याकाळच्या गाडीनं मला निघायचं होतं. जेवायची वेळ झाली तेव्हा माय रिकाम्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि आम्ही सगळ्या एकमेकींकडं पाहायला लागलो.

तेव्हा मला सुचलं ते विचारायचं, जे आधीच विचारायला हवं होतं. "माय, मान कधीपासूनची अशी हाये. मंग बाबा होते तवा कशी जेवत होती तू?"

मायनं चौकटीला हात टेकला. मग म्हणाली, "थे धरत."

"काय धरत?"

"मान. मागून. मी खाओ तवरोक."

वैनी ताट घेऊन उभी होती, तिनं ते खाली ठेवलं. "म्हणून!" ती म्हणाली. बाबांना ती मामाजी म्हणायची. "सगळ्यांचं जेवण झालं का मामाजी मले म्हणत, जाय, ढोरांले पाणी दाखव. अन् आपण सैपाकघरात जाऊन बसत. मले वाटे म्हाताऱ्याले पुन्हा भूक लागते. मी तं दोन भाकरी जास्तीच्या टाकून ठेवो!"

मी माहेरी यायची तेव्हा लेक म्हणून मला आधी वाढायचे. बाबांच्या बाजूला बसून मी पोटभर जेवायची आणि आडवी व्हायची. आत सैपाकघरात माझा बाप, ज्यानं आयुष्यात कधी आपल्या हातानं पाण्याचा गडू भरून घेतला नाही तो, बायकोच्या मागं बसून तिची मान धरून असायचा, आणि मला ते माहीत नव्हतं. दादाला नाही, वैनीला नाही. आत्यालाही नाही. आत्या भिंतीला टेकून खाली बसली. "माहा भाऊ?" एवढंच म्हणाली.

म्हणजे लोक म्हणत होते ते खोटं नव्हतं. नवरा गेला म्हणूनच ती जेवत नव्हती.

मी मायला जमिनीवर बसवलं आणि तिच्या मागं बसले. वैनी समोर बसली, नीट पाहत, कारण रात्रीपासून हे तिलाच करायचं होतं. मी उजवा तळवा मायच्या मानेमागं लावला.

"जरा वरतं," माय म्हणाली. "कानामागून. तेवढं नको दाबू. हां."

तिचं डोकं माझ्या हातावर आलं. मला वाटलं होतं त्याहून जड. तिनं घास घेतला आणि माझ्या तळव्याखाली तिची मान हलायला लागली. तोंड उघडलं की मागं, मिटलं की पुढं, जरा जरा. चावणं सगळं हातात कळत होतं. चार-सहा घास गेले असतील. मग ती थांबली. घास तोंडात, आणि जबडा थांबलेला.

"दुखते काय, माय? हात सरकवू?"

"नाई," ती म्हणाली. "तुहा हात नरम हाये. तेयच्या हाताले घट्टे होते. लय टोचत. मी रोज म्हणो, हात हाये का खरारा, सोडा मले."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली. मान खाली घालायला गेली, तोंड लपवायला, पण मान माझ्या हातात होती. सगळ्यांसमोर वर तोंड करून रडत होती माझी माय. मला ते पाहवेना. वाटलं, घालू द्यावी तिला मान खाली, आणि मी हात काढायला लागले.

"सोडू नको," माय म्हणाली. "घास हाये तोंडात."